चाकाखालची मासळी

"ए बाई! मोरीत हात घालू नकोस. हात जाईल!"

विरुपाक्ष मिस्त्री वरून ओरडला तेव्हा सिताबाई गुडघाभर पाण्यात वाकलेली होती. तिनं हात मागं घेतला खरा, पण ओंजळ सोडली नाही. ओंजळीत बोटाएवढाली पिलं होती. काही निम्मी होती. काहींना डोकं नव्हतं. काही अंगानं धड दिसत होती, पण डोळे बाहेर आलेले आणि पोट फुगून तोंडावाटे फुगा निघालेला. एक अजून जिवंत होतं. तिच्या तळहातावर एका कुशीवर पडून ते नुसतं गोल फिरत राहिलं.

"रोज सकाळी असंच असतंय का वो?" तिनं विचारलं.

"आश्विन लागल्यापासनं रोज. दुपारपर्यंत घाण सुटती. मालक माझ्या नावानं शिमगा करत्यात. तुला पायजे तर ने सगळं."

मिस्त्री सोलापूरचा. हिंमतराव देशमुखांनी त्याला चाक बसवायला आणला होता आणि चाक बसल्यावर त्यावरच ठेवून घेतला होता. लढाई पेटायच्या जरा आधी मुंबईच्या बंदरात उतरलेलं ते यंत्र, बैलगाड्यांवरून आठ ठिकाणी अडत-अडत माकणीच्या वरच्या अंगाला, तेरणेकाठच्या या गावात आलं. नदीवर देशमुखांच्या आजोबांनी बांधलेला दगडी बंधारा होता. त्याला भोक पाडून जाड लोखंडी नळ घातला, नळाखाली खड्डा केला आणि खड्ड्यात चाक बसवलं. तुंबलेलं पाणी नळातून चाकावर आदळायचं आणि ते फिरवून मोरीतून पुन्हा नदीत यायचं. त्यावर गढीत दिवे लागायचे, आणि बंधाऱ्याशेजारच्या खोलीत पिठाची गिरणी चालायची. लोहाऱ्याची माणसं गाड्या जुंपून दिवे बघायला येत. दिवाणखान्यातल्या काचेच्या गोळ्याकडं बघून हात जोडणारी म्हातारी माणसंही गावानं पाहिली.

सिताबाई दिवे बघायला आली नव्हती. तिचं पोट ज्यानं मारलं ते चाक कसं दिसतं, एवढंच बघायला ती आली होती.

ती भोयाची लेक आणि भोयाचीच सून. सहा वर्षांमागं, पूर उतरताना तिचा नवरा केरबा जाळ्यात पाय गुंतून बंधाऱ्याखालच्या मोठ्या डोहात बुडाला. प्रेत तिसऱ्या दिवशी वर आलं. दिवस घालून झाले आणि धाकट्या दिरानं, रामकिसननं, केरबाचं फेकायचं जाळं गुंडाळून आपल्या खोपटात नेलं. डोहात भोयांच्या पाळ्या ठरलेल्या असत. केरबाची पाळी रामकिसनकडं गेली. बाईला जाळं नसतं, म्हणून पाळी नसते, हे सिताबाईला कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती. पण सासू कस्तुराबाई सगळ्या भोईवाड्यासमोर म्हणाली, "नवरा गिळलास. आता डोह गिळशील. हिची सावली पाण्यावर पडू देऊ नका रं." आणि भोयांनी ते ऐकलं. त्या दिवसापासून ती डोहाकडं गेली तर बायका पाण्यातून उठून उभ्या राहत. ती परत फिरेपर्यंत उभ्या राहत.

मग ती गावाच्या दुसऱ्या टोकाला, म्हारकीच्या वाटेवर खोपट घालून राहिली आणि घरोघरचं दळण दळू लागली. दंडाला गाठी आल्या, पण पोट भरत होतं. गिरणी सुरू झाली आणि पंधरा दिवसांत तिच्या दारी सूपभर जोंधळाही यायचा बंद झाला. बायका खूश होत्या. त्यांचं चुकलं असं तिलाही म्हणता येईना.

त्या सकाळी तिनं पाटी भरली. वरच्या ओढ्यांतून, पाणथळांतून, पावसाळ्यात वर चढलेल्या माशांची पिलं पाणी उतरायला लागलं की खाली डोहाकडं निघतात. वाम, मरळ, शिंगाळा, साऱ्यांची. बंधाऱ्यावरून पूर्वी ती सांडव्याच्या पाण्याबरोबर घसरत उतरायची. आता आश्विनातलं सगळं पाणी नळात जात होतं, आणि पाण्याबरोबर पिलंही. ही पिलं पुढच्या उन्हाळ्यात भोयांच्या जाळ्यात यायची होती. सिताबाईला हे कळत होतं. न कळण्यासारखं त्यात काही नव्हतं. तिनं पाटी डोक्यावर घेतली.

पुढं मिस्त्रीनंच तिची गोष्ट गढीवर घातली. देशमुख म्हणाले, "घाण उचलत असेल तर उचलू दे. चाकाखालची मासळी तिची." एवढ्या एका वाक्यावर ती मालकीण झाली.

खोपटामागच्या खडकावर ती पिलं वाळत घालायची. निम्मी-शिम्मी, डोकं नसलेली, पोट फुटलेली, सगळी. वाळल्यावर सगळी सारखीच दिसत. लोहाऱ्याच्या बाजारात, कधी पार जळकोटापर्यंत ती सुकट घेऊन जाई. पहिले काही दिवस तिला स्वतःला घास गिळवला नाही. तळहातावर गोल फिरणारं ते पिलू आठवे. नंतर गिळवू लागला. नंतर चव लागू लागली. तिनं नवं लुगडं घेतलं, खोपटाला दार केलं. बाजारात बायका तिला नावानं हाका मारू लागल्या. सहा वर्षांनी कुणीतरी तिची वाट बघत होतं, मग ते सुकटीसाठी का असेना.

दुसऱ्या वर्षी डोहात मासळी कमी झाली. भोयांनी पावसाला दोष दिला, मग देवीला बोकड दिला. तरी आश्विनात चाकाखाली पाट्या भरतच होत्या, कारण वर चढणारे थोरले मासे अजून उरले होते. तिसऱ्या उन्हाळ्यात मात्र जाळी रिकामी वर यायला लागली. कुणाच्या जाळ्यात एखादी म्हातारी वाम आली तर सगळा भोईवाडा बघायला जमे.

एके दुपारी जाऊ दारात आली. धुरपदा, रामकिसनची बायको. हातात पितळी होती. खोपटाच्या बाहेरच उभी राहिली.

"जाऊबाई, मूठभर सुकट दे की. आत्याबाईला भाकरी कोरडी गिळत न्हाय. डोळे बी गेल्यात तिचे."

"कवा गेले?"

"औंदा. आदी एक गेला, मग दुसरा."

सासूसाठी सिताबाई मडक्याकडं गेली, झाकण काढलं. हात आत घातला आणि तसाच थांबला.

"शेरभर जोंधळं घिऊन ये," ती म्हणाली. "समद्यास्नी जसं देती तसं तुला बी देती."

धुरपदा पितळी पदराखाली घेऊन वळली. ती परत आली नाही. त्या संध्याकाळी सिताबाईला भाकरी गोड लागली, आणि आपल्याला ती गोड लागली याचं भय वाटलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी भोई गढीवर गेले. झाडून सगळे गेले, बायका-म्हाताऱ्यांसकट. सिताबाई तेव्हा गढीच्या मुदपाकखान्यात सुकट घालायला आलेली होती. चौकातला गलका ऐकून ती खांबाआड उभी राहिली. देशमुख बंगळीवर झोके घेत बसले होते. शेजारी लातूरकडचे त्यांचे व्याही आणि दोन पाहुणे पान खात होते. गढीवर लग्न ठरलं होतं, दसऱ्याला साखरपुडा होता.

रामकिसन पायरीखाली उभा होता. "सरकार, लई दिसाचं मागत न्हाय आमी. आश्विनातला पंधरवडा तेवढं चाक थांबवा. पिलं खाली उतरू द्या. मग वरीसभर फिरवा."

"आणि माझ्या व्याह्यांनी अंधारात जेवायचं?"

पाहुणे हसले.

"आमच्या लेकरांच्या तोंडात काय न्हाय, सरकार."

"अरे, पण ती मासळी माझी कुठाय?" देशमुखांनी पानाची पिंक टाकली आणि त्यांची नजर खांबाकडं गेली. "ती बघ, मालकीण तिथं उभी आहे. सिताबाई, पुढं ये. लाजू नकोस. चाकाखालची मासळी मी हिला दिलीय. दिलेला शब्द मी कसा मोडू? हिनं मासळी नको म्हटलं तर आत्ता मिस्त्रीला चाक थांबवायला सांगतो. मागा तिच्याकडं."

सिताबाई पुढं आली. तिच्या डोक्यावर रिकामी पाटी तशीच होती. ती उतरवायचं तिला सुचलं नाही.

रामकिसननं तिच्याकडं बघितलं. केरबाला माती दिल्यापासून त्यानं तिला कुठल्याही नावानं हाक मारली नव्हती. वाटेत दिसली तर तो बांधावर चढून बाजूनं जायचा. आता त्यानं मुंडासं काढलं.

"वयनी," तो म्हणाला. "सोड आता. पंधरा दीस."

"असं नाही," देशमुख म्हणाले. "पायावर ठेव की ते. मागायचं तर नीट माग."

रामकिसन वाकला. मुंडासं त्यानं तिच्या पावलांपाशी ठेवलं. मागून धुरपदा कस्तुराबाईला धरून पुढं घेऊन आली. म्हातारीच्या डोळ्यांत पांढरं दाटलं होतं. ती सिताबाईच्या जरा डावीकडं तोंड करून बोलू लागली.

"सिते, माजं मागलं इसर. पोटची पोरगी समजती म्या तुला."

तिला वाटलं, आता आपण नको म्हणणार. ते ओठावरच होतं. पण त्याआधी तिला एक विचारायचं होतं.

"आत्या, डोहावर माजी सावली पडली तर चालंल का आता?"

"चालंल की, बाई!" म्हातारी लगोलग म्हणाली. "न चालायला काय झालं? रोज ये. पाण्यात पाय सोडून बस. तुजाच डोह हाय."

किती सोपं होतं ते. आठ वर्षं बायका पाण्यातून उठून उभ्या राहिल्या होत्या. आठ वर्षं नवरा जिथं गेला तिथं तिला एक फूल सोडता आलं नव्हतं. आणि ते सगळं एका दमात, थुंकी गिळायलाही न थांबता, म्हातारीनं पुसून टाकलं. म्हणजे ते कधीही पुसता आलं असतं. त्यात देवाचं काही नव्हतं, पाण्याचं काही नव्हतं. सिताबाईनं डोक्यावरची पाटी खाली उतरवली.

"चाक चालू द्या, सरकार," ती म्हणाली.

रामकिसननं मुंडासं उचललं, झटकलं आणि डोक्याला न बांधताच तो पायऱ्या उतरला. त्याच्यामागं सगळे गेले. म्हातारी मात्र धुरपदाला विचारत राहिली, "काय म्हणली? काय म्हणली गं ती?" आणि धुरपदा तिला ओढत नेत होती.

देशमुख पाहुण्यांकडं वळून म्हणाले, "बघितलंत? भोयांचं वैर भोयांनाच ठाऊक." पाहुणे पुन्हा हसले. कुणीतरी पानाचं तबक पुढं केलं.

सिताबाई गढीतून निघाली ती थेट बंधाऱ्यावर आली. मिस्त्री चाकाच्या दांड्याला वंगण लावत होता. काय झालं ते त्याच्या कानावर आधीच आलेलं होतं. त्यानं वंगण लावून संपवलं. मग हात पुसत म्हणाला, "तू मनाला लावून घिऊ नको, बाई. तू नको म्हणली असतीस तरी ते थांबवनार नव्हते."

"म्हंजी?"

"दसऱ्याला साखरपुडा हाय गढीवर. चाक थांबवून चालंल व्हय? सकाळीच मला म्हनले, भोई येनार हायत. सिताबाईबी यायची हाय. पाव्हण्यांस्नी जरा गंमत दाखवू."

"मग मला कशापाई इचारलं?"

"बघायला," मिस्त्री म्हणाला.

ती तिथंच मोरीच्या काठावर बसली. पाणी येत होतं, जात होतं. भोईवाड्यात जाऊन हे सांगावं असं एकदा तिच्या मनात आलं. पण सांगून काय होणार होतं? देशमुखांनी खोटं विचारलं असेल. तिनं उत्तर तर खरंच दिलं होतं.

त्या आश्विनात चाकाखाली पाटीचा तळही झाकेना. शेवटची पिलं आली ती अशी चार-दोन, पानासारखी उलटीपालटी होत. तिनं तीही उचलली, वाळवली, विकली. न उचलून ती जिवंत होणार नव्हती. कार्तिकात घारी आणि बगळेही मोरीवर यायचे थांबले.

माघात भोईवाडा उठला. भीमेच्या काठी कुणाचे तरी पाव्हणे होते, तिथं डोह मोठे आहेत असं कळलं होतं. सकाळी रेड्यांवर खोपटांचे वासे, मडकी, जाळी लादलेली, माणसं पायी. सिताबाई दार लावून आत बसली. आवाज जवळ आले, दारापाशी थांबले. काहीतरी टेकल्याचा आवाज झाला आणि पावलं पुढं गेली. बऱ्याच वेळानं तिनं दार उघडलं.

दारात कस्तुराबाई बसली होती. मांडीवर तिचं गाठोडं.

लांब, वळणावर, रामकिसन थांबलेला दिसला. तो तिथूनच ओरडला, "तिला चालवत न्हाय. तुज्याकडं खायाला हाय." आणि तो वळला. धुरपदानं मागं बघितलंही नाही.

सिताबाई उंबऱ्यात उभी राहिली. म्हातारी हवेत हात फिरवत होती. "कोन हाय? सिते? भाकरी झाली का गं?"

तिनं म्हातारीला हाताला धरून आत घेतलं. दुसरं काय करता येण्यासारखं होतं हे तिला नंतरही कधी सुचलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात चाकाचा जाड चामडी पट्टा तुटला. लढाईमुळं मुंबईत दुसरा मिळेना. देशमुखांनी दोन माणसं सोलापूरला, एक हैदराबादला पाठवला. शेवटी मिस्त्रीलाच निरोप दिला. नळाचं तोंड फळ्यांनी बंद केलं. पाणी पुन्हा सांडव्यावरून मोकळं वाहू लागलं. आश्विनात सिताबाई रोज सकाळी तिथं जाऊन बसायची. बायका आता उठून उभ्या राहायला नव्हत्या. डोह अख्खा तिचाच होता. पाणी स्वच्छ होतं. तळाचे गोटे दिसत. सांडव्यावरून नुसतं पाणी उतरत होतं.

घरोघरचं दळण परत तिच्याकडं आलं होतं. त्यावर दोघींचं भागे. भाकरी आणि अंबाडीची भाजी, नाहीतर नुसतं तिखट. पण खोपटाच्या कुडाला, पाट्यांना, तिच्या लुगड्यालाही तीन वर्षांच्या सुकटीचा वास मुरलेला होता. तो पावसानंही गेला नाही. म्हातारी दिवसभर त्या वासात बसून असे.

"वास येतुया मला," ती म्हणे. "आज काय घावलं? शिंगाळा हाय न्हवं?"

"काय न्हाय, आत्या. नदीत काय न्हाय."

"मला आंधळीला फसीवतीस. सोता खाती अन् मला कोरडी भाकर घालती."

येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांनाही ती हेच सांगायची. दळण घ्यायला आलेली बाई उंबऱ्यात उभी राहून ऐके, सिताबाईकडं बघे, आणि पिठाची पाटी उचलून निघून जाई.

दिवाळीच्या आधीच्या एका दुपारी दोघी जेवायला बसल्या होत्या. म्हातारीनं दोन घास खाल्ले आणि तिसरा हातातच धरून ती वास घेत राहिली. मग तो खाली ठेवला. एक हात जमिनीवर टेकून ती हळूहळू पुढं सरकली. तिची बोटं आधी सिताबाईच्या गुडघ्याला लागली, मग ताटाच्या काठाला.

सिताबाईनं उचललेला घास परत खाली ठेवला आणि हात बाजूला घेतला.

म्हातारीची बोटं ताटात उतरली. भाकरी उचलून तिनं तिच्याखाली हात फिरवला. भाजी चाचपली, तिखट बोटाला लागलं ते चाटून बघितलं, ताटाची कड सगळीकडून फिरून आली. एकदा झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. सिताबाई हलली नाही. म्हातारीचा हात पुरा फिरेपर्यंत ती तशीच बसून राहिली.